खिळ्यावरचे कोयते

महाडच्या एसटी स्टँडवर उतरून कुणी कोर्टाचा रस्ता विचारला की टपरीवाला सांगायचा, "सरळ जावा, आणि जिथं भिंतीला कोयते टांगलेले दिसतील तिथं आत शिरा." नवख्या माणसाला ही थट्टा वाटायची. थट्टा नव्हती. आमच्या कोर्टाच्या दाराशी, पडवीच्या भिंतीवर एक लांबलचक फळी ठोकलेली होती आणि तिला दोन ओळींत खिळे होते. तारखेच्या दिवशी साडेदहापर्यंत त्यावर पंचवीस-तीस कोयते लटकत, आणि त्यांच्याखाली उभे असत आमचे हवालदार.

त्यांना नाव होतं, छातीवर नावाची पट्टीही होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. बाकीचे पोलीस नावाने ओळखले जात. नुसतं 'हवालदार' म्हटलं की हेच. उंच, वाळके, पाठीचा कणा काठीसारखा. कानावर कायम एक पेन्सिल खोवलेली, पण तिने त्यांनी काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दाराशी एक खुर्ची होती, तिच्यावर ते कधी बसले नाहीत. खुर्ची म्हाताऱ्या पक्षकारांसाठी होती, आणि कुणी म्हातारा नसला तर त्यांच्या टोपीसाठी.

खालच्या, शहरातल्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. पोलादपूरच्या डोंगरातला शेतकरी कमरेला आकडी बांधतो. आकडी म्हणजे वीतभर लाकडी ठोकळा, त्याला खाच, दोरीने कमरेला मागच्या बाजूला बांधलेला. त्या खाचेत कोयता. सकाळी सदरा चढवावा तसा तो आकडी बांधतो आणि मग ती दिवसभर त्याच्या ध्यानातही नसते. बाजाराला, दवाखान्यात, मुलीसाठी स्थळ बघायला, सगळीकडे कोयता बरोबर. तेव्हा कोर्टाच्या तारखेला तो घरी ठेवून यावा, हे त्याला सुचणार तरी कसं?

आणि कोर्टाच्या दारावर तर ठळक अक्षरांत पाटी, की शस्त्र अथवा हत्यार घेऊन आत यायला मनाई आहे.

"हवालदार, ह्यो काय हत्यार हाय व्हय?" दर आठवड्याला कुणीतरी विचारायचंच. "कवळ, फांद्या तोडायचा कोयता हाय माझा."

"उंबऱ्याच्या भाईर अवजार, आत हत्यार," हवालदार म्हणायचे. "आण इकडं."

मी एकदा त्यांना म्हटलं, "पण शेतात भांडणं होतात तेव्हाही यांच्या कमरेला कोयता असतोच की. तिथे कुठे कोण कुणाला मारतंय?"

"बाई, शेतात भांडलेला माणूस भांडून घरी जातो. हितं आलेला माणूस घरी जाऊन आलेला असतो." एवढं बोलून ते पुढच्याची झडती घ्यायला वळले.

सरकारने दाराला एक कमान बसवली होती. तिच्यातून माणूस गेला आणि अंगावर धातू असला की ती वाजायची. ती मंगळसूत्राला वाजायची, जोडव्यांना वाजायची, छत्रीला, किल्ल्यांच्या जुडग्याला, एका गुरुजींच्या गुडघ्यात बसवलेल्या पट्टीलाही वाजायची. पुराचं पाणी एकदा तिच्या छातीपर्यंत चढून गेलं, तेव्हापासून तर ती एक दिवस मुकी आणि एक दिवस अखंड बोंबलणारी झाली. हवालदार तिच्याकडे बघतही नसत. "ही वरडते, पण सांगत काय नाय," असं त्यांचं तिच्याबद्दलचं मत होतं. बायकांची झडती घ्यायला एक महिला पोलीस असायची. तिचं काम चालू झालं की हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि कोयते मोजल्यासारखं करत.

माझी-त्यांची ओळख मिरचीने झाली. माझी वकिलीची सनद नवी कोरी होती, आणि मुलगी एकटी गावोगाव हिंडणार म्हणून आईने पर्समध्ये मिरचीच्या फवाऱ्याची एक डबी टाकून दिली होती. महिला पोलिसाने ती काढून हवालदारांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली.

"ह्ये काय, सेंट?"

मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी बोट दाबलं होतं. पुढची दहा मिनिटं कोर्टाचं कामकाज शिंकत आणि खोकत चाललं. न्यायाधीश साहेबांनी चौकशीला शिपाई पाठवला. हवालदारांचे डोळे लालबुंद, नाकातून पाणी, पण त्यांनी डबीच्या दोरीचं कडं एका खिळ्यात अडकवलं आणि शिपायाला सांगितलं, "काय नाय म्हणावं. हत्यार जमा झालं." संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी डबी काढली, स्वतःच माझ्या पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि म्हणाले, "भरली. या आता."

हे त्यांचं नेहमीचं होतं. कोयता ते कधी मालकाच्या हातात देत नसत. मालकाला पाठ करून उभं राहायला लावत, कोयता मागून त्याच्या आकडीत सरकवत, ठोकळ्यावर एक थाप मारत आणि म्हणत, "भरली. जा आता." निकाल विरुद्ध गेलेला माणूस असला तर थाप जरा हळू असायची. मला वाटायचं, तापलेल्या माणसाच्या हातात पातं द्यायला नको म्हणून ही युक्ती असेल. ते अर्धंच खरं होतं, हे मला पुढे कळलं.

त्यांच्या कामात नोंदवही नव्हती, चिठ्ठी नव्हती, नंबर नव्हता. तीस कोयते आणि तीस माणसं, सगळं डोक्यात. वरून हुकूम आला की बिल्ले द्या. पितळेचे चाळीस बिल्लेही आले. हवालदारांनी ते सही करून घेतले आणि खणात ठेवून दिले. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, बिल्ला हरवला तर कोयता कुणाचा? बिल्ला दुसऱ्याला गावला तर कोयता कुणाचा?" साहेब नवे होते आणि समंजस होते. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही चुकलात तर?"

"ज्या दिवशी एकाचा कोयता दुसऱ्याकडं गेला, त्या दिवशी मी दरवाजा सोडला साहेब. तुम्हाला सांगायला पण लागणार नाय."

हे ते सगळ्यांदेखत बोलले. त्या दिवसापासून आम्ही वकीलमंडळी, बेलीफ, टायपिस्ट, सगळेच वाट बघायला लागलो. वाईट बुद्धीने नव्हे, पण माणसाने अशी पैज लावली की बघणाऱ्याला राहवत नाही. महिने गेले, वर्षं गेली. हवालदार चुकले नाहीत.

वकिलांच्या बारमधले आमचे सगळ्यात ज्येष्ठ वकील पानाचे शौकीन. काळ्या कोटाच्या खिशात चंची, चंचीत अडकित्ता. चाळीस वर्षं ते अडकित्त्यासकट कोर्टात जात-येत होते. एके दिवशी कमान मुकी असतानाही हवालदारांनी हात पुढे केला.

"अहो, सुपारी कातरायचा अडकित्ता आहे हा!" वकीलसाहेब कडाडले.

"व्हय. आणि त्यो कोयता कवळ तोडायचा हाय," हवालदार फळीकडे बोट दाखवून म्हणाले.

वकीलसाहेब तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने त्यांच्या शिपायाबरोबर एक छोटी सुरी बाहेर आली, त्यांच्या डब्यातली, फळं चिरायची. तीही खिळ्यावर लागली. मग कोण काय बोलणार? पुढे कितीतरी वर्षं ज्येष्ठ वकील दोन प्रकरणांच्या मधे बाहेर यायचे, फळीवरून अडकित्ता काढायचे, कोयत्यांखाली उभं राहून सुपारी कातरायचे, एक खांड हवालदारांना द्यायचे आणि अडकित्ता परत अडकवून आत जायचे. त्या पाच मिनिटांत दोघांमध्ये जी चर्चा व्हायची तिच्यात कायदा फारसा नसायचा. पाऊस, गुरं आणि ज्येष्ठ वकिलांचा अमेरिकेतला जावई, एवढेच विषय.

माणसाच्या आधी ते कोयता ओळखत. कुणी पायरी चढायला लागलं की हवालदार त्याच्या तोंडाकडे नव्हे, कमरेकडे बघून गावाच्या नावाने हाक मारत, "ये रे कुडपण!" नाहीतर, "नाते गावचा काय रं तू?" कुठल्या लोहाराचं पातं कसं वळतं, कुठल्या गावात मूठ खैराची करतात आणि कुठल्या गावात शिवणीची, हे त्यांना तोंडपाठ. वर डोंगरातल्या कोयत्याचं नाक जड, कारण त्याला नाचणीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायच्या असतात. खालचा कोयता हलका. ते स्वतः पोलादपूरच्या वरच्या एका वाडीचे, तेव्हा हे ज्ञान घरचंच होतं.

त्यांच्या वडलांची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. पावसाने एसट्या बंद होत्या आणि आम्ही दोघंच पडवीत अडकलो होतो. मी विचारलं होतं, एवढं काय त्या कोयत्यांचं?

"माझा बाप एकदा साक्षीला गेला होता. कुठल्या कचेरीत ते सोडा. भाईर झाडाखाली कोयत्यांचा ढीग घातला होता. साक्ष देऊन आला, तं ह्याचा कोयता नाय. कुणीतरी नेला. चार कोस डोंगर चढून घरी आला रिकामी आकडी घेऊन. आमच्यात रिकामी आकडी घेऊन कोण येतो? ज्याचं काय तरी काढून घेतलंय तो. वाटेत भेटला तो प्रत्येक जण इचारी, काय रे, केस हारलास? बाप घरी आला नि आकडी सोडून ठेवली. ती परत बांधली नाय त्यानं. दुसरा कोयता घेतला, पण तो हातात धरून न्यायचा."

त्यांनी रिकाम्या फळीवरून एकदा हात फिरवला.

"साक्षीदार होता वो तो. साक्षीदाराला सजा झाली."

  

आता जे सांगायचं आहे त्यात माझीही थोडी चूक आहे, म्हणून ते सांगायला जड जातं. गेल्या काही वर्षांत हवालदारांनी एक नवाच खेळ सुरू केला होता. कोयता हातात आला की ते डोळे मिटत, मुठीवरून अंगठा फिरवत, पात्याच्या पाठीवरून बोट नेत आणि गाव सांगत. नुसतं गाव नाही, कधीकधी माणूसही. आम्ही थक्क व्हायचो. बाहेरगावचा कुणी वकील आला की मी त्याला मुद्दाम दाराशी न्यायचे, "बघा आमच्या हवालदारांची कमाल." ते लाजत आणि डोळे मिटून करून दाखवत.

त्याच सुमारास त्यांनी पेपर वाचायचं सोडलं होतं. मी समोर गेले तरी मी बोलेपर्यंत मला ओळखत नसत. एकदा मी विचारलं, "हवालदार, डोळे दाखवून घेतलेत का?" ते म्हणाले, "दाखवले. मोतीबिंदू म्हणतात. काढायचा तं पंधरा दिवस रजा. पंधरा दिवसांत बदलीवाला सगळ्या कोयत्यांची खिचडी करील." मी हसले आणि आत गेले. मला कळलं होतं, की डोळे मिटण्याचा तो खेळ हा खेळ नव्हता. उघडे ठेवून तरी काय दिसत होतं? पण मी कुणाला बोलले नाही. त्यांचं गुपित राखावं हे एक कारण होतं, आणि दाखवायला एक कमाल हातात होती हे दुसरं.

कुडपणच्या दोघा सख्ख्या भावांचा वाटणीचा दावा तेव्हा चालू होता. थोरला माझा अशील. सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाच एसटीने यायचे, एक पुढच्या दाराशी बसायचा आणि एक मागच्या बाकावर. दोघांचे कोयते मात्र जुळे होते. त्यांच्या बापाने एकाच वेळी, एकाच लोहाराकडून, ट्रकच्या एकाच पाट्यातून करून घेतलेले, मुठीही एकाच फांदीच्या. फरक एवढाच, की थोरल्याच्या मुठीवर एक काळा डाग होता. आई असताना तिने एकदा तो कोयता चुलीच्या फार जवळ ठेवला होता. डाग डोळ्यांना दिसायचा. बोटाला लागायचा नाही. हवालदार हे दोन कोयते फळीच्या दोन टोकांना टांगायचे.

दावा मिटेपर्यंत धाकट्याने जमिनीला हात लावू नये, हा आमचा मनाईचा अर्ज त्या दिवशी नामंजूर झाला. दसऱ्याच्या आधीची शेवटची तारीख, दाराशी जत्रेसारखी गर्दी, वीज गेलेली, पडवीत अंधारून आलेलं. कुठल्याशा गावाच्या पंधरा-वीस जणांनी एकदम येऊन फळी भरून टाकली होती आणि जागा मिळेल तिथे कोयते लागले होते. थोरला रागाने लाल होऊन बाहेर पडला. हवालदारांनी त्याला पाठ करायला लावली, कोयता आकडीत सरकवला, हळू थाप मारली. "भरली. जा आता." दहा मिनिटांनी धाकटा बाहेर आला. त्याचीही आकडी भरली.

खंडेनवमीच्या सकाळी थोरल्याने पूजेसाठी कोयता राखेने घासायला घेतला, तर मुठीवर डाग नाही.

आता खंडेनवमीला दुसऱ्याचं हत्यार कसं पुजणार? आणि आईच्या चुलीचा डाग असलेलं आपलं हत्यार दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात कसं राहू देणार? तो अर्धा तास अंगणात येरझारा घालत होता, असं त्याची बायको मला नंतर म्हणाली. मग कोयता हातात घेऊन निघाला. हातात उघडा कोयता घेऊन थोरला भाऊ धाकट्याच्या घराकडे निघालेला बघून वाडीतल्या दोघातिघांनी कामं टाकली आणि ते मागे धावले. बांधावर त्यांना दिसलं ते असं, की धाकटाही तसाच उघडा कोयता घेऊन समोरून येतोय.

"मग काय बोललात?" मी पुढच्या तारखेला अशिलाला विचारलं.

"काय बोलणार? त्याचा त्याला दिला, माझा मी घेतला. त्याचं घर जवळ पडत होतं. त्याच्या बायकोनं चहा टाकला. आता टाकलेला चहा सोडून कसा येणार?"

त्या पुढच्या तारखेला दोघं भाऊ एसटीत एकाच बाकावर बसून आले. वाटणी त्यांनी गावच्या चार माणसांसमोर आपसांत करून घेतली होती. आम्ही दोन्ही वकिलांनी तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, साहेबांनी खूश होऊन ती दाखल करून घेतली. आणि मग दोघं भाऊ नारळ आणि पेढ्याचा पुडा घेऊन हवालदारांकडे गेले. त्यांच्यामागे आम्ही सगळे.

"हवालदार, तुमचे लय उपकार," थोरला म्हणाला. "तुम्ही मुद्दाम कोयते बदललेत म्हणून झालं ह्ये. नायतर आम्ही कसले एकमेकांच्या दारात जातोय!"

ज्येष्ठ वकिलांनी टाळी वाजवली. म्हणाले, "जे आम्हाला सहा वर्षांत जमलं नाही, ते यांनी एका हातचलाखीत केलं!"

मी हवालदारांकडे बघत होते. त्यांना आत्ता पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी पेढे घेतले नाहीत. फळीकडे गेले, दोन्ही कोयते काढले, पडवीच्या टोकाला उजेडात नेले. एक मूठ डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, मग दुसरी. अंगठा फिरवला. परत पहिली धरली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याच्या आधीच्या तारखेला की!"

"मी मुद्दाम नाय केलं. चुकलो मी."

सगळे हसले. धाकटा भाऊ तर म्हणाला, "हवालदार, तुम्ही पण ना!" आणि त्यांच्या पाया पडला. मोठेपण नको म्हणून म्हणतायत, असंच प्रत्येकाने धरलं. हवालदार दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले, "अवो, चुकलो मी." जितकं म्हणत, तितके लोक जास्त खूश होत. 

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, एक अर्ज लिहून द्या. दरवाजा सोडतोय."

"हवालदार, वर्षही राहिलं नाही निवृत्तीला. लोक म्हणतायत शहाणपण केलं. ते म्हणतायत ना? मग राहू दे की तसंच. कुणाचं काय बिघडलं?"

"ह्या दोघांचं बरं झालं. उद्या एखाद्याचा कोयता त्याच्या वैऱ्याच्या आकडीत जाईल. त्यानं तिकडं कुणाला तोडलं तं कोयता कुणाचा निघंल? घरात झोपलेल्या बापड्याचा. त्याला हितं आणून उभा करतील आणि तुम्हीच उलटतपासणी घ्याल."

मी कागद ओढला. लिहिलं, 'दृष्टिदोषामुळे माझ्याकडून कर्तव्यात—'

"काय लिहिलंत? वाचा."

मी वाचलं.

"दृष्टिदोष नको. चूक लिहा. डोळ्यांनी काय केलं? डोळे जातायत हे मला ठावं होतं."

मलाही ठाऊक होतं, हे मी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, आजही वाटतं. मी 'चूक' लिहिलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि मग ती परत ठेवून माझ्या पेनाने सही केली. साहेबांनी अर्ज वाचून त्यांची समजूत घातली. त्यांनाही ती विनयशीलता वाटली. दुसऱ्या दिवशी दाराशी दुसरा पोलीस होता. हवालदारांनी उरलेले महिने ठाण्यात काढले आणि निवृत्त होऊन वर आपल्या वाडीत गेले. कोर्टात मात्र 'हवालदारांनी भाऊ जुळवले' ही कथा अजून सांगतात. मी दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं. लोकांना ते आवडत नाही.

आता आमच्याकडे नंबरचे लॉकर आहेत. कोयत्याची मूठ आत मावत नाही म्हणून लॉकरची दारं अर्धवट उघडीच असतात. कमान नवी आली आहे. ती नेमकं वाजते.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या खटल्यात हवालदारांची साक्ष निघाली. ते नोकरीत असतानाचं प्रकरण. मी पायरीवर उभी होते. ते आले. लेंगा, सदरा, डोक्याला मफलर, आणि कमरेला आकडी. आकडीत कोयता.

"हवालदार! अहो, तुम्ही तरी तो घरी ठेवून यायचा."

"का? मी काय चोर हाय?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. हे वाक्य त्यांनी या दाराशी शेकडो वेळा ऐकलं होतं.

"दिसतंय का आता?"

"एका डोळ्यानं दिसतंय. दुसऱ्याची तारीख पुढची हाय."

दाराशी नवा तरुण पोलीस होता, वागायला सभ्य. त्याने कोयता घेतला, लॉकरमध्ये अडकवला आणि नंबराचा बिल्ला दिला. हवालदारांनी बिल्ला सदऱ्याच्या खिशात घातला, आणि खिशावर हात ठेवून आत गेले. साक्ष अर्धा-पाऊण तास चालली. त्यांना जेवढं आठवत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. जे आठवत नव्हतं, तिथे 'आठवत नाय' म्हणाले. समोरच्या वकिलाने आवाज चढवून बघितला, काही निघालं नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांचा हात अजून खिशावर होता. बिल्ला दिला. पोलिसाने कोयता काढून त्यांच्यापुढे धरला. हवालदारांनी तो उजेडाकडे नेला, मूठ बघितली, पातं बघितलं, चांगल्या डोळ्यापाशी नेऊन पुन्हा बघितलं. मागे रांग लागली होती. मग त्यांनी कोयता पोलिसाला परत दिला आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पोराला काही कळेना. तो कोयता हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, यांना काय पाहिजे?"

मी त्याच्या हातून कोयता घेतला. वाटला होता त्यापेक्षा जड होता. हवालदार पाठमोरे, ताठ, जराही न हलता उभे होते. मी खाच चाचपली, पातं आत सरकवलं आणि ठोकळ्यावर एक थाप मारली. इतकी वर्षं रोज ऐकलेले ते तीन शब्द राहिले होते. ते थांबून राहिले.

"भरली," मी म्हणाले. "या आता."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. हात मागे नेऊन एकदा मूठ चाचपली आणि पायऱ्या उतरून स्टँडच्या दिशेने चालू लागले.